नाटकाचे ग्रुप पहिल्या यशानंतरच का फुटतात?

विंगेतला

बरीच वर्षं पुण्यातल्या हौशी आणि प्रायोगिक ग्रुपांबरोबर बॅकस्टेज करतोय. लाइट ऑपरेट करणं, सेट लावणं-काढणं, प्रॉपर्टी जमवणं, टेम्पोवाल्याची मनधरणी, सगळं. त्यामुळे ग्रुप जमताना आणि फुटताना दोन्ही अगदी जवळून बघायला मिळतं आणि आता माझं पक्कं मत झालंय की नाटक पडलं म्हणून ग्रुप सहसा फुटत नाही. नाटक पडलं की सगळे एकत्र बसतात, परीक्षकांवर चिडतात, रात्री दोनला कुठेतरी भुर्जीपाव खातात आणि पुढच्या वर्षी नव्या संहितेवर परत भेटतात. फुटतात ते नाटक चालायला लागल्यावर.

नुकताच एक ग्रुप असाच संपला, नाव लिहीत नाही. कॉलेजची एकांकिका, बक्षिसं मिळाली, मग तिचं दोन अंकी केलं, गावोगावहून बोलावणी यायला लागली. लीड करणाऱ्या मुलाला मुंबईत मालिका मिळाली, मिळणारच, गुणी पोरगा आहे. पण मालिकेचा कॉलटाइम आदल्या रात्री कळतो, त्यामुळे प्रयोगाची तारीख घ्यायची की नाही हे कुणालाच सांगता येईना, आणि रिप्लेसमेंट उभी करूया असं दिग्दर्शकाला तोंडावर म्हणवेना कारण दोघं जिवलग मित्र. असेच काही महिने गेले. तेवढ्यात लेखकाने तीच संहिता एका व्यावसायिक निर्मात्याला दिली. संहिता त्याची, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या मुलीने पहिल्या स्पर्धेपासून सेट केला होता, रात्र रात्र जागून थर्माकोलच्या विटा कोरून रंगवल्या होत्या, तिला ही बातमी इन्स्टावरच्या पोस्टरवरून कळली. पोस्टरमध्ये मागे भिंत, आणि भिंतीला हुबेहूब तिच्याच विटा. ती गेली, मागोमाग म्युझिकवाला गेला, आणि मग जो सगळ्यांना फोन करून तालमीला बोलवायचा तोही थंड पडला. भांडण असं झालंच नाही, फोन यायचे थांबले.

आता दुसरं उदाहरण. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग 16 डिसेंबर 1972 ला पुण्यात भरत नाट्य मंदिरात झाला, संस्था पीडीए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन. 19 प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवलं. तरुण मंडळी बाहेर पडली, मार्च 1973 मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि जानेवारी 1974 मध्ये घाशीराम परत उभं केलं. म्हणजे तिथेही फुटणं झालंच, पण जे बाहेर पडले ते पुढे जवळजवळ वीस वर्षं ते नाटक करत राहिले, प्रचंड विरोध असताना 1980 मध्ये युरोपचा दौरा करून आले.

हे कसं जमलं याचा मी खूप विचार केलाय. एक तर यातल्या महत्त्वाच्या माणसांचं पोट नाटकावर नव्हतं. दिग्दर्शक जब्बार पटेल दौंडला मुलांचे डॉक्टर, नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, नाटककार सतीश आळेकर बी. जे. मेडिकलमध्ये बायोकेमिस्ट्रीत. आणि दुसरं म्हणजे ते नाटकच तसं आहे. रांगेत उभ्या राहिलेल्या ब्राह्मणांची ती माणसांची भिंत, पाठ फिरवली की पडदा, तोंड फिरवलं की पुणं, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना, चंदावरकरांचं संगीत. त्या रांगेत एकाचा ठेका चुकला तर अख्ख्या रांगेला कळतं. नाना कितीही जबरदस्त असला तरी ती भिंत नसेल तर तो लपणार कुठे? आपल्याकडे आता बहुतेक ग्रुप एक चेहरा आणि भोवती बाकीचे असे बांधलेले असतात, तो चेहरा हलला की सगळंच हलतं.

तुमच्या ग्रुपांचं काय झालं ते लिहा. टिकलेल्यांचं जास्त लिहा.

तिसरी_घंटा

पोटाचा मुद्दा एकदम मान्य. भिंतीचा मुद्दा सुंदर आहे पण त्याने ग्रुप टिकतो हे मला नाही वाटत. ग्रुप टिकतो तो एखाद्या माणसामुळे आणि तो माणूस बहुतेक वेळा स्टेजवर दिसत नाही.

मुंबईचं बघा ना. रंगायनमध्ये विजया मेहता, तेंडुलकर, अरविंद आणि सुलभा देशपांडे, डॉ. लागू, एका संस्थेत केवढी माणसं! ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ तिथलंच. तरीही मतभेद झाले आणि साठीच्या दशकासोबत ते पर्वही संपलं. मग 1971 ला अरविंद आणि सुलभाताई, अरुण काकडे यांनी आविष्कार सुरू केली. 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग सुरू झाले. साधा शाळेचा हॉल हो, नाट्यगृहाची कुठलीच सोय नाही, पण तिथे आविष्कारचेच काय, बाहेरच्या ग्रुपांचेही प्रयोग झाले आणि त्या सगळ्याला लोक छबिलदास चळवळ म्हणायला लागले. अरविंद देशपांडे 1987 ला गेले. दुसरी कुठली संस्था असती तर तिथेच मिटली असती. आविष्कार चालू राहिली कारण काकडे होते. हॉल, परवानग्या, पैसे, कुणाला तालमीला जागा हवी, कुठल्या नव्या पोराला पहिली संधी द्यायची, हे सगळं बघणारा माणूस. 2019 ला जाईपर्यंत ते यातच होते. आणि आविष्कारमध्ये ते मॅनेजर म्हणून ठेवलेले नव्हते, ते संस्थापक होते, त्यांचा शब्द दिग्दर्शकाइतकाच चालायचा. विंगेतला, तुमच्या त्या फोन करणाऱ्या मुलाला ग्रुपच्या निर्णयात मत होतं का? माझी खात्री आहे, नव्हतं.

विंगेतला

नव्हतं. दौरा घ्यायचा की नाही हे दिग्दर्शक आणि लेखक ठरवायचे आणि त्याला व्हॉट्सअॅपवर कळायचं. खरंच बरोबर बोललात.

मीठभाकर

तुम्ही दोघं मोठ्या माणसांबद्दल लिहिताय, मी वहीबद्दल लिहिते. आमच्या ग्रुपचा हिशोब माझ्याकडे असतो.

हौशी नाटकात पैसा नसतो असं म्हणतात ते खोटं आहे, पैसा असतो, फक्त तो कुठे गेला हे कुणी सांगत नाही. हॉलचं भाडं, डिपॉझिट, टेम्पो, लाइटचं भाडं, मेकअप, कपड्यांची इस्त्री, सगळ्यांचे चहा-वडापाव, गावाला प्रयोग असेल तर प्रवास आणि राहणं, सुरुवातीला परिनिरीक्षण मंडळाकडे (प्रयोगाला परवानगी देणारं सरकारी मंडळ) संहिता पाठवायची ती वेगळीच धावपळ. स्पर्धेपुरतं असतं तोवर सगळे आनंदाने खिशातले घालतात. मग एखादं मंडळ कॉन्ट्रॅक्ट शो देतं, पाकीट मिळतं आणि तिथून खरी गंमत संपते. पूर्वी मी एका ग्रुपमध्ये होते तिथे आम्हा सगळ्यांना सांगितलेलं की आपलंच नाटक आहे, कुणी नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, घेत नाही. नंतर बोलावणाऱ्या मंडळाच्या खजिनदारांनीच बोलता बोलता सांगितलं की मुख्य नटाचे पैसे वेगळे मागून घेतले होते. रक्कम काही फार नव्हती. पण त्यानंतर जो तो मनातल्या मनात हिशोब करायला लागला, मी किती तालमी केल्या, तो किती वेळा उशिरा आला, आणि एकदा हे सुरू झालं की संपतच नाही.

आता आमच्याकडे एक पद्धत आहे. प्रयोग संपला, मेकअप उतरला की सेट टेम्पोत चढायच्या आधी सगळे मेकअप रूममध्ये थांबतात आणि मी वही मोठ्याने वाचते. हॉल एवढे, टेम्पो एवढा, लाइट एवढे, तिकिटाचे आले एवढे, पास इतके गेले आणि ते कुणाच्या नावावर गेले. उरले तर सेटवाल्या मुलांचे आधी देऊन टाकायचे. तूट असली तर ती पण तेव्हाच वाचायची, दुसऱ्या दिवशी ग्रुपवर टाकायची नाही. दमलेले असतात, कंटाळतात, तरी थांबायला लावते. ज्या दिवशी वाचायचं राहतं त्या आठवड्यात कुणाचा तरी फोन येतोच, “ताई, एक विचारायचं होतं...”

सांजवात

कुडाळकडचा आहे, नाटक म्हणजे आमच्यासाठी दशावतार, जत्रांत रात्रभर चालणारं आमचं कोकणातलं लोकनाट्य. इथे मांडलेले बरेच प्रश्न दशावतारी कंपन्यांनी फार पूर्वी त्यांच्या परीने सोडवलेले आहेत असं मला वाटतं म्हणून लिहितोय.

कंपनीला मालक असतो, आणि तो मालकच असतो, त्यात लपवाछपवी नाही. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, कंपन्या त्यांच्या नावानेच ओळखल्या जातात. कलाकार हंगामासाठी ठरतात. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रोज वेगळ्या गावात रात्र जागवायची ते पावसाच्या तोंडापर्यंत. लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलं की रंगायच्या खोलीत कथा सांगितली जाते, कुणी काय करायचं ते ठरतं, आणि मग रात्रभर संवाद तिथल्या तिथे. राजपार्ट करणारा काय बोलेल हे स्त्रीपार्ट करणाऱ्याला आधी माहीत नसतं, आणि पेटीवाल्याला तर दोघांच्याही पुढे राहावं लागतं. विश्वासाशिवाय एक रात्र निघणार नाही.

आणि तरीही माणसं कंपन्या बदलतात बरं का, चांगले नावाजलेले कलाकार या कंपनीतून त्या कंपनीत जातात. फरक एवढाच की हंगाम संपला की जातात. भर जत्रेत पेटारा उचलायच्या वेळी सोडून जाणं म्हणजे लोक नाव ठेवणार. बाहेर पडायची एक वेळ ठरलेली आहे त्यामुळे बाहेर पडणाऱ्याला कुणी गद्दार म्हणत नाही, आणि पुढच्या हंगामात परत यायलाही तोंड राहतं. शहरातल्या ग्रुपांत ही वेळच ठरलेली नसते. आला तो कायमचा आला असं सगळे धरून चालतात, मग जाईल तेव्हा ती फारकतच होते.

मालक चांगला नसेल तर काय, हा प्रश्न उरतोच. कलाकारांचे हाल होतात, ते मी नाकारत नाही.

एडिट_टेबल

सांजवात, ‘बाहेर पडायची वेळ’ हे फारच पटलं. सिनेमाच्या बाजूने प्रभात फिल्म कंपनीचं उदाहरण देतो.

1 जून 1929 ला कोल्हापुरात पाच जणांनी प्रभात काढली. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर, आणि भांडवल घेऊन आलेले सीतारामपंत कुलकर्णी. पैकी चौघं बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत एकत्र घडलेले, म्हणजे एकमेकांचा हात ओळखून होते. त्यात कामं वाटलेली: दिग्दर्शन शांतारामांकडे, कॅमेरा धायबरांकडे, कलादिग्दर्शन फत्तेलालांकडे, बोलपट आल्यावर ध्वनीची बाजू दामल्यांनी सांभाळली. 1932 ला ‘अयोध्येचा राजा’, 1933 ला मुक्काम पुण्यात. माझं मत असं की जोवर प्रत्येकाची विद्या वेगळी होती तोवर कुणी कुणाच्या जागेवर उभं नव्हतं. पुढे धायबरांनीही दिग्दर्शन केलं आणि नंतर ते बाहेर पडले. दामले-फत्तेलाल दिग्दर्शनात उतरले आणि त्यातून 1936 चा ‘संत तुकाराम’ आला, जो व्हेनिसला गाजला. बघा, हे दोन्ही एकाच गोष्टीतून झालं. माणसाला त्याच्या ठरलेल्या कामातून बाहेर पडू दिलं तर संस्थेतला तोल जातो, आणि नाही पडू दिलं तर ‘तुकाराम’ होत नाही. 1942 ला शांताराम बाहेर पडले, मुंबईत स्वतःची राजकमल ही चित्रपटसंस्था काढली. प्रभातने ‘रामशास्त्री’ 1944 ला केला, उत्तम केला, पण 1945 ला दामले गेले आणि मग पूर्वीचं बळ राहिलं नाही.

म्हणून मला एक विचारायचंय. फुटणं म्हणजे वाईटच असं आपण का धरतोय? पेंटरांकडून प्रभात, प्रभातमधून राजकमल, रंगायनमधून आविष्कार, पीडीएतून थिएटर अकॅडमी. 1913 ला बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले म्हणून गंधर्व नाटक मंडळी झाली. महाराष्ट्रात चांगलं जे काही झालं त्यातलं निम्मं कुणीतरी रागावून बाहेर पडल्यामुळे झालंय.

बे_एरियाकर

इथे अमेरिकेत आमचे वीकेंड ग्रुप. दोन वर्षांतून एखादं नाटक, तालमी कुणाच्या तरी गराजमध्ये. सगळ्यांना चांगल्या नोकऱ्या, पोटाचा प्रश्नच नाही, म्हणजे विंगेतलांच्या हिशोबाने आम्ही टिकायला हवेत. पण आमच्याकडे ग्रुप म्हणजेच मित्रपरिवार, मुलांचे वाढदिवस, दिवाळी सगळं त्याच आठ-दहा घरांत, त्यामुळे एखाद्याच्या बायकोला रोल मिळाला नाही की पुढच्या रविवारी जेवायला कोण येणार नाही हे आधीच कळतं. आता आम्ही निवड करायला दुसऱ्या गावातल्या एका जाणकार काकांना बोलावतो, त्यांना यातलं कुणीच ओळखत नाही. नाराजी होते, पण ती काकांवर.

विंगेतला

एडिट टेबल, तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि मी त्यावर दोन दिवस घालवले. गंधर्व मंडळीचं पुढचंही बघा ना, पुढे टेंबे बाहेर पडले, नंतर बोडसही, आणि कर्जाच्या डोंगराखाली शेवटी बालगंधर्व एकटेच राहिले.

पण माझं मुख्य म्हणणं वेगळं आहे. तुम्ही जी नावं घेतली ती सगळी अशी की ज्यांना बाहेर पडल्यावर जागा होती. शांताराम बाहेर पडले तर राजकमल होणार, बालगंधर्व बाहेर पडले तर मागोमाग लोक येणार. त्या कंपन्यांत पडदे रंगवणारे, कपडे सांभाळणारे, साथीला बसणारे किती असतील, फुटल्यावर त्यांचं काय झालं हे कुठे लिहिलेलं सापडत नाही. आपल्या ग्रुपांतही तेच होतं. लेखकाला निर्माता मिळतो, लीडला मालिका मिळते, दिग्दर्शकाला पुढची संहिता मिळते. त्या विटा रंगवणाऱ्या मुलीने नाटकच सोडलं. मी स्वतः तिला दोनदा फोन केला, दुसऱ्या ग्रुपचं काम आहे, येतेस का म्हणून, नको म्हणाली. आता एका इंटिरियरवाल्याकडे नोकरी करते, चांगली करते, पण तिच्याइतकी स्टेजची उंची आणि प्रेक्षकाची नजर समजणारी नेपथ्यकार मला तरी पुण्यात त्या वयात दुसरी दिसली नाही. हे नुकसान कुणाच्याच हिशोबात धरलं जात नाही म्हणून आपल्याला फुटणं फायद्याचं वाटतं.

तेव्हा फुटा, जरूर फुटा, पण फुटताना तुमच्याबरोबर ज्याला नवीन घर मिळणार नाही त्याला आधी विचारा.

आव्वाज_कुणाचा

नमस्कार, मी टीवायला (कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला) आहे, इथे पहिल्यांदाच लिहितोय. सगळा धागा रात्री जागून वाचला. आम्ही पुरुषोत्तम करंडक, म्हणजे कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, करतो. आमच्या कॉलेजची टीम दरवर्षी बदलते, सीनियर जातात, फर्स्ट इयरची पोरं बॅकस्टेजला येतात, पुढच्या वर्षी तीच स्टेजवर, आणि तरीही आमची टीम फुटली असं कधी होत नाही. सांजवात दादांचं वाचल्यावर कळलं की आमच्याकडेही जायची वेळ ठरलेली आहे म्हणूनच. 1963 पासून ही स्पर्धा चालू आहे, तालमीला किती जुने सीनियर येऊन बसतात, वडापाव आणतात, शिव्याही देतात. 2022 ला तर परीक्षकांनी करंडकच कुणाला दिला नाही तेव्हा सगळ्या कॉलेजांत केवढी चर्चा झाली होती, पण त्यावरून एखादी टीम मोडली असं मी ऐकलं नाही.

प्रश्न असा की या वर्षी आम्ही नऊ जण पास होऊन बाहेर पडतोय आणि हीच एकांकिका मोठी करून बाहेर प्रयोग करायचे आहेत. संस्था काढावी का? नोंदणी वगैरे? आणि आमच्या लीडच्या ऑडिशन्स चालू आहेत. तिला काय सांगायचं? ती आमची सगळ्यात चांगली मैत्रीण आहे.

मीठभाकर

बाळा, नोंदणी नंतर कर, आधी वही कर. आणि वही लेखक-दिग्दर्शक सोडून तिसऱ्याच कुणाकडे दे.

विंगेतला

लेखकाशी आत्ताच बोला, प्रयोग लागल्यावर नाही. संहितेचा हक्क त्याचा आहे, तो राहू दे, पण तुमच्या संचाला किती वर्षं आणि कुठे कुठे प्रयोग करायची परवानगी आहे, त्या काळात तो दुसऱ्या कुणाला संहिता देणार असेल तर तुम्हाला किती आधी सांगेल, हे एका कागदावर त्याच्या सहीने घ्या. मित्र आहे म्हणून संकोच वाटेल, तरी घ्या. त्याच कागदावर नेपथ्य, प्रकाश, संगीत कुणाचं ते लिहा, आणि नाटक दुसरीकडे गेलं तरी मूळ नेपथ्य वापरायचं असेल तर तिला विचारूनच, असंही लिहा. आणि नऊ जणांत जो फोन करतो, जागा मिळवतो, त्याला ठरवायच्या बैठकीत बसवा.

तिसरी_घंटा

लीडबद्दल. तिला ऑडिशन्स सोडायला अजिबात सांगू नका, तो विचारसुद्धा मनात आणू नका. पहिल्या तालमीपासून तिच्या भूमिकेला दुसरी मुलगी उभी करा, आणि ती नुसती कोपऱ्यात बसून वाक्यं पाठ करणारी नको. दर चार-पाच प्रयोगांनी एक प्रयोग दुसरीनेच करायचा, लीड पुण्यात मोकळी असली तरी. त्या दिवशी लीडने विंगेत उभं राहून प्रॉपर्टी द्यायची. दोघींनी मिळून भूमिका बसवली तर मालिका मिळाल्यावर तिला निर्धास्त जाता येईल, आणि सुट्टीच्या दिवशी परत येऊन प्रयोगही करता येईल. पण हे तिला आज सांगा, पहिलं ऑडिशन लागायच्या आत. लागल्यावर सांगितलंत तर तिला वाटेल की काढून टाकताय.

आव्वाज_कुणाचा

दुसरी मुलगी आहे आमच्याकडे, एसवायची, आत्ता म्युझिक ऑपरेट करते आणि सगळ्यांची वाक्यं तिला पाठ आहेत. पण मग म्युझिकला कोण बसणार?

विंगेतला

तुमचा पहिला प्रयोग कधी आहे ते कळवा, मी बसतो. तोवर फर्स्ट इयरच्या कुणाला तरी तिच्या शेजारी बसवून क्यू लिहून घ्यायला लावा.